धानाच्या मुलखात घरासाठी प्लॉट

भंडारा जिल्ह्यात घरासाठी विक्रीला येणारी बरीचशी जमीन काल-परवापर्यंत धानाची बांधी असते. चारही बाजूंनी धुरे घालून सपाट केलेल्या, पावसाचे पाणी आत कोंडून धरणाऱ्या शेताच्या तुकड्याला इकडे बांधी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या त्या तुकड्यावर पाणी बाहेर जाऊ न देण्याचेच काम झालेले असते. घराला नेमकी उलट जागा लागते, पाऊस थांबला की निथळून मोकळी होणारी. त्यामुळे या जिल्ह्यात प्लॉट पाहताना भाव, रस्ता आणि दिशा यांच्याआधी पाण्याची चौकशी करावी लागते: ते येते कुठून, साचून राहते किती दिवस आणि जाते कुठे.

बांधीचा हा गुण वरून दिसत नाही. रोवणीआधी दरवर्षी चिखलणी होते. ओल्या शेतात नांगर आणि अलीकडे ट्रॅक्टर फिरून वरची माती पार कालवली जाते आणि वीतभर खाली एक दाबला गेलेला घट्ट थर तयार होतो. त्यातून पाणी फार सावकाश खाली उतरते. धानाला ते हवेच असते. लेआउट पाडताना धुरे मोडतात, वर चार-सहा इंच मुरूम पसरतात, चुन्याच्या रेघा मारून दगड रोवतात. खालचा थर जसाच्या तसा राहतो. मग पहिल्याच पावसाळ्यात मुरमाखाली पाणी अडकते, शोषखड्डा भरून वर येतो आणि जोत्याला ओल धरते. पाया व शोषखड्डा खणताना हा थर फुटतो; त्याखाली मुरूम किंवा रेतीमिश्रित माती लागली तर अडचण बरीचशी सुटते. खालीही चिकण मातीच असेल तर नालीवाचून गत्यंतर नाही. ती नाली शेवटी कुठे उतरणार, हे लेआउटवाल्याला स्पष्ट विचारावे. उत्तर ‘शेजारच्या बांधीत’ असे आले, तर ती बांधीही चार वर्षांत प्लॉट होणार हे धरून चालावे.

जुन्या गावांची मांडणी पाहिली की जमिनीचा उतार न मोजताही कळतो. तलावांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात कोहळी शेतकऱ्यांनी उतार अडवून तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले, १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि सरकारजमा झालेल्या तलावांना माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव, हे नाव पडले. उताराच्या वरच्या अंगाला तलाव, पाळीच्या खाली बांध्या आणि बाजूच्या उंच बरड जागेवर वस्ती, अशी ही रचना आहे. गाव वसवणाऱ्यांनी चांगली बांधी घरांखाली घालवली नाही आणि सखल जागा घरांसाठी घेतली नाही. आताची वाढ उताराकडे न पाहता रस्त्याकडे पाहून होते. नागपूर-रायपूर महामार्गाच्या कडेने, भंडाऱ्यात, लाखनीत, साकोलीत, रस्ता जिकडे तिकडे प्लॉट पडतात. मग जागा बरडीची असो की बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची.

तलावाजवळची जागा घेताना तीन ठिकाणे ओळखून घ्यावीत. पहिले तलावाचे पोट: उन्हाळ्यात पाणी आटले की उघडी पडणारी सपाट जमीन, जी तीन-चार कमी पावसाच्या वर्षांत शेतासारखी दिसू लागते. दुसरे तुडुमाखालचा पाट, म्हणजे तलावाच्या तोटीतून निघून बांध्यांकडे जाणारी पाण्याची वाट. तिसरे सलंग. तलाव भरल्यावर जादा पाणी ज्या सांडव्यावरून बाहेर पडते त्याला या भागात सलंग म्हणतात. सलंगाच्या पुढची जमीन वर्षातले अकरा महिने कोरडी असते आणि उरलेल्या काळात तिथून ओढा वाहतो. जाहिरातीत ‘तलावाच्या काठी’ हा गुण म्हणून छापलेला असतो. तो गुण आहे की नाही हे प्लॉट सलंगाच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरते. गावातल्या छोट्या बोड्यांबद्दल तर आणखी सावध असावे. बुजवलेल्या बोडीवरचा प्लॉट वरून इतर प्लॉटांसारखाच दिसतो, फक्त दरवर्षी थोडाथोडा खाली बसत जातो. विटाभट्टीच्या जुन्या खड्ड्यांचेही तेच. माती काढून झाली की राख, तुकडे आणि हाताला येईल तो कचरा टाकून ते सपाट करतात. अशा भरावावर घराचा पाया टेकवू नये. भराव ओलांडून मूळ जमिनीपर्यंत जावे लागते आणि तो खर्च प्लॉटच्या किमतीत मिळवूनच सौदा पाहावा.

नदीचा हिशेब वेगळा आहे. वैनगंगा तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी आणि लाखांदूर या तालुक्यांच्या अंगाने वाहते. बावनथडी, सूर, चुलबंद या नद्या तिला मिळतात आणि भंडाऱ्याच्या खाली आंभोऱ्याजवळ कन्हान येऊन मिळते. जिल्ह्यात पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो, कारण नदीचे वरचे खोरे मध्य प्रदेशात आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तसेच झाले. तिकडच्या जोरदार पावसामुळे संजय सरोवरासारख्या धरणांतून पाणी सोडावे लागले आणि भंडारा शहराच्या नदीकाठच्या वस्त्यांत ते घराघरांत शिरले. त्यात गोसीखुर्दची भर पडते. पवनी तालुक्यातल्या या धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर आहे आणि त्याचे फुगवट्याचे पाणी भंडारा शहरापर्यंत पोहोचते. धरण भरलेले असते तेव्हा नदीला उतरणाऱ्या नाल्यांचे पाणी तुंबते, काठालगतच्या विहिरींची पातळी वर येते आणि पूर न येताही सखल प्लॉटांच्या पायात पाणी राहते.

म्हणून वैनगंगेच्या दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात प्लॉट घेताना त्याची उंची मीटरमध्ये माहीत असलेली बरी. मोबाइलवर दिसणारी उंची या कामाची नाही. तिच्यात कित्येक मीटरांची चूक असते आणि इथे एका मीटरने फरक पडतो. स्थापत्य अभियंत्याकडून ऑटो लेव्हल लावून, जवळच्या पक्क्या खुणेपासून पातळी काढून घ्यावी. जलसंपदा विभाग नद्यांसाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या घराला जागा नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर अटी येतात. जोते पुराच्या पातळीच्या वर ठेवावे लागते. रेषा आखलेली नसेल तिथे २०२० चे पाणी कुठवर आले होते हे काठावरच्या घरांच्या भिंतींवरून आणि म्हाताऱ्या माणसांकडून सहज कळते. विकणाऱ्याला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, त्याच्या शेजाऱ्याला विचारावा.

जमिनीच्या वरचे पाणी पाहून झाले की खालची माती. जिल्ह्यात मातीला जुनी आणि नेमकी नावे आहेत: कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी. कन्हार ही खोल, काळी, चिकण माती. शेतकऱ्याच्या लेखी सगळ्यात भारी. मोरंड तिच्या खालोखाल. खरडी करडी आणि हलकी, सिहार पिवळसर व रेताड, बरडी म्हणजे गोट्यांची, खडकाळ, पिकाला जवळजवळ निरुपयोगी. घरासाठी ही प्रतवारी उलट वाचायची. बापजाद्यांनी ज्या बरडीवर गुरे चारली, तिथे पाया दोन-तीन हात खणला की कठीण मुरूम लागतो. ज्या कन्हारीवर शेजाऱ्यांचा डोळा होता, तिथे घराच्या भिंती तडकतात.

काळी माती तडकवते ती तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकण खनिजामुळे. या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की आकसते. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जून ते सप्टेंबरात वर्षाचा बहुतेक पाऊस पडून जातो. म्हणजे दरवर्षी ही माती एकदा पुरी वाळते आणि एकदा पुरी भिजते. घराच्या मध्याखालची माती झाकलेली असल्यामुळे तिची ओल फारशी बदलत नाही, कडेची बदलते. त्यामुळे घर सगळे मिळून वर-खाली होत नाही, कोपरे होतात. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी चीर आणि पावसाळ्यात न लागणारे दार ही त्याची खूण. शेजारच्या पाच-सहा वर्षे जुन्या घरांत अशा चिरा आहेत का, कंपाउंडची भिंत कलली आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. पंचांगातला मुहूर्त शोधण्यात लोक याहून जास्त वेळ घालवतात.

सौदा पक्का करण्याआधी मालकाच्या परवानगीने प्लॉटवर एक खड्डा खणून पाहावा. चार फूट लांब-रुंद आणि सहा फूट खोल खड्डा दोन मजूर सकाळच्या पारी खणतात. त्याच्या भिंतीत थर उघडे दिसतात: वर टाकलेला मुरूम, त्याखाली दबलेला बांधीचा थर, मग काळी किंवा पिवळी माती आणि नशीब असेल तर खाली मुरूम. विटांचे तुकडे, प्लास्टिक, राख दिसली तर तो भराव. तळाची मूठभर माती ओली करून तळहातांत वळावी. काडीपेटीच्या काडीइतकी बारीक वात न तुटता वळली गेली तर माती चिकण आहे. वाळलेले ढेकूळ अंगठ्याने फुटत नसेल तर तेच. आणखी खात्री हवी असेल तर स्थापत्य प्रयोगशाळेत होणारी मुक्त फुगवण चाचणी करून घ्यावी. बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम कोरडी माती दोन मोजपात्रांत घेतात, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओततात व दिवसभर ठेवतात. रॉकेलने माती फुगत नाही, पाण्याने फुगते. दोहोंतल्या फरकाची टक्केवारी म्हणजे फुगवण. ती ५० टक्क्यांच्या वर गेली की साध्या पायावर भागणार नाही असे समजावे. खड्ड्यात बादलीने पाणी ओतून ते किती वेळात जिरते हेही बघावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते होते तिथेच असेल, तर शोषखड्ड्याचे भवितव्य कळले.

काळ्या मातीवर घर बांधताच येत नाही असे नाही. थर पाच-सहा फुटांचा असेल तर तो काढून खालच्या मुरमावर पाया घेतात आणि भोवती न फुगणारा मुरूम दाबून भरतात. थर खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेली, तळाशी फुगीर कंद असलेली पाइल वापरतात. ती साधारण साडेतीन मीटर खाली, म्हणजे ऋतूनुसार ओल बदलणाऱ्या थराच्या खाली, नेतात. दोन्ही उपाय चोख आहेत आणि दोन्हींना पैसे लागतात. पन्नास हजारांनी स्वस्त मिळालेला कन्हारीचा प्लॉट पायातच ती बचत फेडून घेतो. भूकंपाची काळजी मात्र इथे कमी. जिल्हा सौम्य भूकंपक्षेत्रात मोडत आला आहे.

कागद तपासण्याची सुरुवात सातबाऱ्यापासून होते. वरच्या भागातले दोन शब्द आधी वाचावेत: भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग १ ची जमीन मालक मोकळेपणाने विकू शकतो. वर्ग २ मध्ये शासनाने पट्ट्याने दिलेली, सीलिंगची, भूदानाची अशी जमीन येते आणि ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकणारा आदिवासी असेल आणि घेणारा नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आधी परवानगी लागते. ती न घेता झालेला व्यवहार अनेक वर्षांनीही उलटू शकतो. नंतर ‘इतर अधिकार’ हा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, बहिणींचे हक्क, दाव्याची नोंद, पुनर्वसनासाठीचे निर्बंध, सगळे तिथेच सापडते. गोसीखुर्दच्या लाभक्षेत्रातल्या गावांत या शेवटच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. सातबाऱ्यावर दिसणारा प्रत्येक फेरफार काढून वाचावा, कारण वाटणी नीट झाली होती की एखाद्या वारसाचे नाव गळले होते हे फेरफारातच कळते. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेण्याची रीत आहे आणि ती मोडू नये.

पूर्व विदर्भात आणखी एक शब्द शोधायचा असतो: झुडपी जंगल. महसुली कागदांत खुरट्या झाडोऱ्याची, पडीक, चराईची म्हणून नोंदलेली ही जमीन नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. जागेवर पाहिले तर तिथे शाळा, दवाखाने, सरकारी कार्यालये, घरेसुद्धा उभी दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात ही जमीन आपल्याच १९९६ च्या आदेशाप्रमाणे वनजमीनच असल्याचे ठरवले. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने केलेली वाटपे केंद्राच्या मंजुरीने नियमित करण्याचा मार्ग ठेवला. त्यानंतरची मात्र कठोर तपासणीत अडकली. तेव्हा आजच्या सातबाऱ्यावर समाधान न मानता त्या खसऱ्याचे जुने अधिकार अभिलेख आणि गावाचे निस्तारपत्रक पटवाऱ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहून घ्यावे. निस्तारपत्रकात चराई, सरपण, रस्ता, स्मशान, तलाव यांसाठी गावाने राखलेली जमीन नोंदलेली असते. विकणाऱ्याच्या हातातला उतारा कितीही स्वच्छ असला तरी निस्ताराची जमीन कुणाच्या बापाची होत नाही.

आबादीतला प्लॉट, म्हणजे जुन्या गावठाणातली जागा, वेगळ्या कागदांवर चालतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला जातो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. महसूल खात्याच्या ८-अ शी त्याची गल्लत फार होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या आहेत. जिथे ती मिळाली आहे तिथे तीच मागावी.

लेआउटमधल्या प्लॉटला अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा हवा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत किंवा विकास आराखड्यातल्या निवासी पट्ट्यात वेगळ्या परवानगीची अट कायद्याने सैल केली आहे. तरी रूपांतर कर भरल्याचा कागद लागतोच. एक एकर शेत घेऊन त्याचे स्टँपपेपरवर तुकडे विकणे हा जुना उद्योग आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. निवासी भागातले जुने छोटे तुकडे नियमित करण्याची वाट शासनाने २०२५ मध्ये मोकळी केली, म्हणून आज नवा तुकडा पाडायला मोकळीक मिळाली असे कुणी सांगत असेल तर ते खोटे आहे. नोटरीच्या कागदाने किंवा मुखत्यारपत्राने प्लॉटची मालकी येत नाही. त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले विक्रीपत्रच लागते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते आणि तो क्रमांक संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. नकाशातली ‘ओपन स्पेस’ जागेवर खरोखर मोकळी आहे का, आणि नकाशातला नऊ मीटरचा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो की दुसऱ्याच्या धुऱ्यावर संपतो, हे पायी चालून पाहावे.

प्लॉट पूर्वेला तोंड करून असला की भाव चढतो. वास्तुशास्त्राचा हा बाजारभाव बाजूला ठेवला तरी दिशेला अर्थ आहे. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते आणि रात्रभर उष्णता सोडत राहते. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडांची आणि आखूड बाजू पश्चिमेला राहील असा प्लॉट सोयीचा. पश्चिमेला मोठे आंब्याचे किंवा कडुलिंबाचे झाड शेजाऱ्याचे का असेना, असले तर बरे. बोअरचे पाणी गोड आहे का आणि उन्हाळ्यात टिकते का हे शेजारच्या घरात चहा पिताना कळते; प्रयोगशाळेत फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून घेणे स्वस्त आहे. रेतीच्या टिप्परांचा रस्ता प्लॉटसमोरून जातो का हे रात्री दहानंतर येऊन पाहावे. कोका, नागझिरा किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांच्या कडेला जागा असेल तर संवेदनशील क्षेत्राचे नियम विचारावेत आणि बिबट्याचा विचार आधीच करून कुंपण ठरवावे.

मोजणी मात्र रजिस्ट्रीच्या आधी करावी. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मालकाच्या नावाने अर्ज टाकला की भूकरमापक येऊन हद्द कायम करतो आणि ‘क’ प्रत देतो. जुन्या कागदांत एकर-डिसमिल, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आणि सौद्यात चौरस फूट अशी तीन मापे एकाच जमिनीला लागलेली असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. एक डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. ‘दीड हजार फुटांचा प्लॉट’ मोजणीत चौदाशे भरला तर भाव मोजलेल्या क्षेत्रावर लावून घ्यावा. रोवलेले दगड मोजणीच्या खुणांशी जुळले की इसार, मग विक्रीपत्र आणि त्यानंतर फेरफार. रजिस्ट्री झाली की काम संपले असे समजून कित्येक जण फेरफाराकडे पाहतच नाहीत. पटवारी नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर चढते. तो नवा उतारा हातात येईपर्यंत पाया खणायला घेऊ नये.